तेरानंतर पंधरा

आमच्या कादोला किनाऱ्यावर माणसं मोजत नाहीत. शेळ्या मोजतील, माशांच्या टोपल्या मोजतील, छपराचे पत्रे मोजतील. पण माणसावर बोट ठेवून एक-दोन-तीन म्हणायचं नाही. मोजलेलं माणूस कमी होतं. कोणी परक्याने विचारलं, "पोरं किती तुम्हाला?" तर शहाणी बाई म्हणते, "आहेत की, गोंगाट ऐकू येत नाही का?" मी तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होतो. गणित शिकवायचो. तरी हजेरी नावांनीच घ्यायचो आणि बेरीज पोरं घरी गेल्यावर करायचो. शहरातून येणारे तपासनीस मला हसायचे. हसेनात का. त्यांनी सिप्रोजबाईला पाहिलं नव्हतं.

सिप्रोज ही ओवाला होडीवाल्याची धाकटी बायको. आमच्यात सुनेला तिच्या माहेराच्या नावाने हाक मारतात, म्हणून सगळा किनारा तिला न्यार उयोमा म्हणायचा, उयोमाची लेक. उंच, हाडकुळी बाई. दुकानाच्या ओट्यावर पायाचं शिलाई मशीन घेऊन बसायची. तोंडात चार टाचण्या धरलेल्या, आणि त्या टाचण्यांमधूनच ती बोलायची, भांडायची, गाणंसुद्धा म्हणायची. तिला दोन मुलं झाली होती, दोन्ही गोवराने गेली. तिसरं झालं नाही. मग ओवालाही गेला आणि एका अंगणात दोन सवती उरल्या. फाटकासमोरचं मोठं घर थोरलीचं, रोझबेलाचं. बाजूचं लहान घर धाकटीचं. लोक म्हणायचे, आता बघा, झिंज्या धरतील एकमेकींच्या. त्या भांडल्या नाहीत. फारसं बोलल्याही नाहीत. मीठ संपलं तर मागायच्या, आणि थोरलीचा गुडघा धरला तर धाकटी तिचं पाणी भरून आणायची.

पोटी मूल उरलं नाही म्हणून म्हणा, नाहीतर आवाज खणखणीत म्हणून, आमच्या चर्चच्या मंडळीने तिला तरुण संघाची आई केलं. आम्हाला ताल शिकवणं, वेळेवर उठवणं, मुलामुलींमध्ये वीतभर अंतर राखणं, ही सगळी कामं तिची. मी संघातला ढोलवाला. वय एकवीस, अक्कल त्याहून बरीच कमी.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, शाळांना सुट्टी असताना, पाळकांनी ठरवलं की संघाने परदेशात सुवार्तेची फेरी करायची. परदेश म्हणजे आमच्या लोल्वे सरोवराच्या पलीकडे, टांझानियातलं एक बेट. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, पण पलीकडचं नाणं वेगळं, शिपायाची टोपी वेगळी, म्हणून तो परदेश. त्या बेटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिथे कोळ्यांची वस्ती होती, दारू भरपूर, आणि चर्च एकही नव्हतं. आम्ही नऊ दिवस गाणार आणि ती माणसं सुधारणार, असा एकूण बेत होता.

सिप्रोजने आमच्यासाठी निळे रुमाल शिवले, गळ्यात बांधायचे. ते चौदा होते. आम्ही किती होतो हे मला रुमालांवरून ठाऊक. कापड मोजायला बंदी नाही. आणखी एक युक्ती तिने काढली. प्रत्येकाला कान असलेला एक पत्र्याचा पेला दिला आणि पेल्याच्या कानाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. माझा पिवळा. चहा वाटताना पेला उरला की कोण नाही ते कळणार. "पेले मोजीन मी, पोरं नाही," ती म्हणाली. "देवाला सांगायला बरं, मी काही मोजलं नाही."

निघताना किनाऱ्यावर सगळ्यांच्या आया आल्या होत्या. आमच्याकडे दूर जाणाऱ्या पोराचा हात आई नेणाऱ्याच्या हातात देते, आणि परत आल्यावर त्याच हातातून काढून घेते. एकेक आई पुढे येत होती. रोझबेला तिच्या विल्किस्टरला घेऊन आली. विल्किस्टर एकोणीस वर्षांची, संघातला सगळ्यात खोल आवाज तिचा, आणि तोंड तर त्याहून तिखट. थोरलीने लेकीचा हात सवतीच्या हातात दिला आणि म्हणाली, "उयोमाच्या लेकी, घे बाई. दिली तशी परत आण."

विल्किस्टर हसली. "आई, मी काय उसनं पातेलं आहे का?"

सगळे हसले. सिप्रोजसुद्धा हसली, टाचण्या नसलेल्या तोंडाने. मला ते हसू अजून जसंच्या तसं आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं.

फेरीचं फार काही सांगत नाही. आम्ही वाळूत उभे राहून गायचो आणि समोर कोळी मासे चिरत बसलेले असायचे. एके दिवशी तीन म्हातारे आणि एक कुत्रं, एवढाच श्रोतृवर्ग. विल्किस्टर एकटी गायला लागली की मात्र सुऱ्या थांबायच्या. ते माझ्या ढोलाने कधी झालं नाही. सातव्या दिवशी मी रंगात येऊन जरा जास्तच बडवला, तर गाणं संपताच ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हेझ्रोनदादा, तुझा ढोल म्हणजे पत्र्यावरून शेळ्या पळाल्या." कोळ्यांना आमची भाषा येत नव्हती. तिने त्यांच्यासाठी ते स्वाहिलीत पुन्हा सांगितलं. ते पोट धरून हसले. नऊ दिवसांत आमच्या सुवार्तेला मिळालेली सगळ्यात मोठी दाद तीच.

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, ती ज्या बाजूला असेल त्या बाजूला बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला ती आवडायची. आवडणारं माणूस हसलं की जास्त लागतं.

परतायच्या दिवशी पहाटेच आम्हाला नेणारा नावाडी ओरडायला लागला, "चला, चला! तुमच्या आमेनसाठी वारा थांबत नाही!" चहा झाला नाही. पेले आदल्या दिवशीच पोत्यात बांधलेले होते. होड्या दोन होत्या, पुढची इंजिनाची, मागची शिडाची. पुढच्या होडीत सिप्रोज आणि निम्मा संघ, मागच्या होडीत बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी ढोल घेऊन मी. चढण्याआधी मी विल्किस्टरला चढावर जाताना पाहिलं होतं. तिच्या डोक्यावर पातेलं होतं. वस्तीतल्या एका बाईचं ते पातेलं आम्ही स्वयंपाकाला घेतलं होतं, आणि रिकामं पातेलं परत देऊ नये म्हणून विल्किस्टरने त्यात उरलेलं मक्याचं पीठ घातलं होतं. मी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

इंजिन सुरू झालं. पुढच्या होडीतून सिप्रोज उभी राहिली, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडली, "हेझ्रोन! सगळे आले का रे?"

मी ढोल बांधत होतो. मान वर केली नाही. म्हटलं, "आले!"

मोजायला बंदी होती. बघायला नव्हती.

मागच्या होडीतल्यांना वाटलं विल्किस्टर पुढे आहे, पुढच्यांना वाटलं मागे. दुपारी आम्ही कादोलाला लागलो. आया पाण्यात गुडघाभर उतरून उभ्या होत्या. सिप्रोज वाळूवर उभी राहिली, एकेकाचा हात धरला, एकेका आईच्या हातात दिला. नावं घेत होती, हसत होती, "घ्या तुमचं गाढव, नऊ दिवस नुसतं झोपलं," असं कोणाला म्हणत होती. शेवटी तिच्या हातात देण्यासारखं कोणी उरलं नाही आणि समोर रोझबेला हात पुढे करून उभी होती.

"माझी?" रोझबेला म्हणाली.

सिप्रोजने मागे होड्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा होड्यांकडे. ती धावत पाण्यात गेली आणि रिकाम्या होडीत वाकून फळ्यांखाली बघायला लागली. जसं काही एकोणीस वर्षांची मुलगी फळीखाली मावते. पोत्यातून पेले काढले, वाळूवर ओतले, एकेका पेल्याचं नाव घेऊन तो ज्याच्या त्याच्या पायाशी ठेवला. लाल दोऱ्याचा पेला तिच्या हातात राहिला. रोझबेला ओरडली नाही, रडली नाही. पुढे केलेला हात तिने कितीतरी वेळ तसाच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी माणसं बेटावर गेली तेव्हा कळलं. पातेलं पोहोचवून विल्किस्टर खाली आली तर होड्या लांब गेलेल्या. किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, ती घाबरली नव्हती. कमरेवर हात ठेवून हसली आणि म्हणाली, "बघा या शहाण्यांना!" मग त्याची लहान डोणी मागून घेतली आणि वल्हं मारत आमच्या मागे निघाली. होडीवाल्याची मुलगी ती, पाण्याला काय भिणार? दहाच्या सुमारास वारा फिरला. डोणी तिसऱ्या दिवशी दूर लव्हाळ्यात उलटी सापडली. विल्किस्टर सापडली नाही. आम्ही पुढे बसून गात होतो आणि ती मागून येत होती. हाका मारल्याही असतील. मी ढोल वाजवत होतो.

पंचांची बैठक चर्चच्या मागे आंब्याखाली बसली. विल्किस्टरचे दोन थोरले भाऊ काठ्या घेऊन उभे होते, दोघेही बैलासारखे दांडगे. पाळकांनी सिप्रोजला विचारलं, "बाई, निघताना कोणाला विचारलंस की नाही, सगळे आहेत का म्हणून?"

सिप्रोजने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "नाही. विचारलं नाही."

पुढच्या होडीतल्यांनी तिचा प्रश्न ऐकला असणार, असं तुम्हाला वाटेल. इंजिनाच्या आवाजात कोणी काय ऐकलं, कोणी काय विसरलं, आणि कोणी सवतीचं भांडण आपल्या अंगावर नको म्हणून गप्प बसलं, ते मी सांगू शकत नाही. मी का गप्प बसलो ते सांगू शकतो. मला भीती वाटली.

महिन्याभराने मी तिच्या ओट्यावर गेलो. विचारलं, "आई, तुम्ही असं का सांगितलं?"

ती मशीन थांबवेना. "तुझ्या आईला तू एकटा. त्या दोघांनी तुला तिथेच पाण्यात घातलं असतं. एक गेली ती गेली, त्यात दुसरा कशाला?"

"पण लोक तुम्हाला बोलतात."

"बोलू देत. मला त्यांचे कपडे शिवायचे आहेत, तोंडं नाही." आणि टाचण्या काढून, "तू एवढं कर. परत विचारायला येऊ नकोस."

लोक बोलत होते, आणि कसे! विहिरीवर तिला ऐकू जाईल अशा बेताने बायका म्हणायच्या, "स्वतःची छत्री बरी विसरली नाही बेटावर." "अगं, छत्री आपली असते. पोर सवतीची होती." कोणी म्हणे विल्किस्टरला म्वान्झाच्या बाजारात कापड विकताना पाहिलं. कोणी म्हणे कंपालात, दोन पोरं आहेत. दर वेळी सिप्रोज मशीन झाकून, पैसे गोळा करून निघायची आणि आठवड्याने रिकामी परत यायची. मग त्याच बायका म्हणायच्या, "ढोंग!"

त्यानंतर तिने मोजायला सुरुवात केली. बटणं, अंडी, दुकानाच्या पायऱ्या, जाळ्यावर बसलेले बगळे. त्याचं कोणाला काही नव्हतं. पण ती माणसंही मोजू लागली, भर उपासनेत, बाकांवर बोट फिरवून. आया पोरांवर ओढण्या टाकायच्या, काही उठून दुसरीकडे बसायच्या. आणि मोजण्यात एक खोट होती. अकरा, बारा, तेरा म्हणायची, मग थांबायची, एक श्वास घेता येईल इतका वेळ. आणि पुढे म्हणायची, पंधरा. दर वेळी. चौदा हा आकडा तिच्या तोंडून कधी निघाला नाही. गिऱ्हाईकाला चौदा बटणं हवी असली तर ती तेरा मोजून द्यायची आणि एक न बोलता वर ठेवायची. पोरांनी तिचं नाव ठेवलं तेरा-पंधरा. "तेरा-पंधरा आली, पळा!" असं ओरडत माझ्याच वर्गातली पोरं तिच्यापुढून पळायची. मी त्यांना छड्या मारल्या. का मारल्या ते त्यांना कळलं नाही.

लाल दोऱ्याचा पेला तिच्या घरात दाराच्या आत खिळ्याला टांगलेला असायचा. ती सांगायची, मुलगी स्वप्नात येते, केस ओले, उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि पेला मागते, चहा राहिला होता म्हणते. मी पेला घ्यायला वळते आणि परत बघते तर उंबरा ओला. हे तिने मला एकदा भर दुपारी सांगितलं, बाह्या जोडता जोडता, आणि उंबऱ्याकडे बघून म्हणाली, "थोरलीकडे येत नाही गं ती. तिच्याकडे जायचं सोडून माझ्याकडे येते." मी पुरुष आहे हेही तिच्या लक्षात नव्हतं. कोणाशी बोलत होती कोण जाणे.

आमच्यात ज्याचा देह सापडत नाही त्याच्या जागी यागोचं फळ पुरतात. हातभर लांब, करडं, जड फळ असतं, झाडाला दोरीने बांधल्यासारखं लटकतं. त्याला कापडात गुंडाळतात, नाव देतात, माणसासारखं पुरतात, म्हणजे गेलेला फिरत राहत नाही. ओवालाच्या भाऊबंदांनी हे कितीदा सुचवलं. रोझबेला नाही म्हणायची. "फळ पुरून लेक पुरल्याचं सोंग मला करायला सांगू नका. उद्या ती फाटकातून आत आली तर तिला काय सांगू, तुझी जागा भरली म्हणून?" आणि पुरल्याशिवाय सिप्रोजची सुटका नव्हती. जोवर विल्किस्टर मेलेली नाही तोवर ती हरवलेली होती, आणि हरवली ती सिप्रोजच्या हातून. रोझबेला तिला वीस वर्षांत दोषाचा एक शब्द बोलली नाही, आणि तेच सिप्रोजला सगळ्यात जड होतं. संध्याकाळी मोठ्या घरासमोर थोरली बसलेली, लहान घरासमोर धाकटी, मधे अंगण, आणि धाकटी पाखडलेल्या ओमेना मासळीच्या वाट्या मोजते आहे. बारा, तेरा. श्वास. पंधरा. वीस वर्षं थोरली हे ऐकत होती.

मग रोझबेलाला साखरेचा आजार झाला, एक पाय कापावा लागला. एके दिवशी तिने धाकटीला बोलावलं. मी तिथे होतो, तिची औषधांची चिठ्ठी वाचून दाखवायला.

"उयोमाच्या लेकी," ती म्हणाली, "मी आता जाणार."

"काहीतरीच काय."

"ऐक. मी तिकडे गेले आणि ती तिथे भेटली, तर म्हणेल, आई, मला कोणी घरी आणलंच नाही. काय सांगू मी? यागो आण. तूच आण. तूच नेली होतीस."

सिप्रोज उठली आणि घरात जाऊन निळं कापड शोधायला लागली.

संघातल्या सगळ्यांना निरोप गेले. तोवर आमच्यातले चौघे त्या आजाराने गेले होते ज्याचं नाव आमच्या किनाऱ्यावर बरीच वर्षं कोणी घेत नसे. त्यांच्या जागी कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ आला. सिप्रोजने सगळ्यांसाठी नवे रुमाल शिवले होते. जुन्या मापाचे, आमच्या जाड झालेल्या मानांना ते पुरत नव्हते. पाळक नवे होते, तरुण. त्यांनी आधीच सांगितलं, "फळासाठी प्रार्थना पुस्तकात नाही. मी शेजारी म्हणून येईन." आले, आणि टोपी काढून शेवटपर्यंत उभे राहिले.

यागो पांढऱ्या कापडात होता, वरच्या टोकाला निळा रुमाल. सिप्रोजने तो पोराला धरावं तसा दोन्ही हातांवर धरला होता. सत्तरीची बाई, पण कोणाला हात लावू देईना. खड्ड्यापाशी रोझबेलाची खुर्ची ठेवली होती. सिप्रोज म्हणाली, "रांगेत उभे राहा."

आम्ही उभे राहिलो. आणि ती प्रत्येकाच्या छातीवर बोट टेकवून मोजायला लागली, मोठ्याने, सगळ्या गावासमोर. एक. दोन. लोक मागे सरकले. एक म्हातारी ओरडली, "अगं, काय करतेस! आहेत तेही जातील!" सिप्रोज थांबली नाही. मेलेल्यांच्या जागी जे आले होते त्यांच्या छातीवरही तिने बोट ठेवलं आणि गेलेल्याचं नाव घेतलं. नऊ. दहा. मी रांगेत शेवटचा होतो, तेव्हाही आणि आताही.

"तेरा," ती म्हणाली. बोट माझ्या छातीवर होतं. तिथेच राहिलं.

नेहमीची ती थांबण्याची जागा आली. ती माझ्या डोळ्यांत बघत होती. रागाने नाही. वाट बघत होती. आत्ता बोल, असं ते बोट मला सांगत होतं, आत्ता तुला कोणी मारणार नाही, ते भाऊही म्हातारे झाले, आत्ता सांग की मी तुला विचारलं होतं. माझं तोंड उघडलं. एक श्वास गेला, दुसरा गेला.

"चौदा," खुर्चीतून रोझबेला म्हणाली.

तिने दोन्ही हात पुढे केले होते. सिप्रोज माझ्यापासून वळली, तिच्याकडे गेली आणि यागो तिच्या मांडीवर ठेवला. "घे बाई," ती म्हणाली. पुढचं तिला म्हणता आलं नाही. रोझबेलाने कापड जरा सारलं, रुमालाची गाठ पाहिली, नीट केली. मग म्हणाली, "बस. मोजू नकोस आता." दोघींनी मिळून तो खाली ठेवला.

रोझबेला त्याच वर्षी गेली. सिप्रोज त्यानंतर तीन वर्षं होती. लोक म्हणतात थोरलीने तिला माफ केलं. कशाची माफी? तिने काय केलं होतं? तिने विचारलं होतं. हे मी तेव्हा बोललो नाही, थोरली जिवंत असताना बोललो नाही, आणि सिप्रोजच्या मातीवर भाषण केलं त्यातही बोललो नाही. तिच्या शिस्तीबद्दल बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मरेपर्यंत तिने कोणाला काही सांगितलं नाही. तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली, आणि विहिरीवर अजून एखादी म्हणते, "ती सवत नाही का, जी पोर विसरून आली." म्हणून हे लिहिलं. लिहायला जीभ लागत नाही.

लाल दोऱ्याचा पेला आता माझ्याकडे आहे. जाण्याआधी तिने तो पाठवला, निरोप काही नाही. खिडकीत ठेवला आहे. ऑगस्टात वारा फिरला की दहाच्या सुमारास, चांगल्या उन्हात, मला पाण्यावरून तिचा आवाज ऐकू येतो, इंजिनाच्या आवाजातून आलेला, "हेझ्रोन! सगळे आले का रे?" आता मी मान वर करतो. नीट बघतो. आणि मोठ्याने सांगतो, "नाही आई. विल्किस्टर मागे राहिली. थांबा."

आतून माझी बायको विचारते, "कोणाशी बोलताय?" आणि वारा तसाच पुढे जातो.